उजवीकडे बसणारा आवाज

लॅपटॉपवरची रेघ सरळ होती आणि मला ते काही केल्या खरं वाटेना. रिमोटवरचं हेलिकॉप्टर नुकतंच खाली उतरवलं होतं, मोटार अजून गरमच होती. ते उजवीकडे, मोबाइल टॉवरच्या बाजूला गेलं की त्याचा आवाज बसत होता. एखाद्या फेरीला नाही, प्रत्येक फेरीला. आणि नोंदीत मात्र पात्यांचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पातळीत.

"कुठंच पडलेला न्हाई की हो," बायको म्हणाली.

"मग नोंद चुकलीय," मी म्हणालो.

मला एवढी खात्री कशाची होती, ते सांगायला हवं. पाटोद्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी आजूबाजूच्या गावांतून माझ्याकडे येतात. मी मोटार चालू करतो, शेजारी बसतो आणि ऐकतो. बेअरिंग गेलंय, बुश झिजलाय, की रोटर घासतोय, ते खोलायच्या आत सांगतो. मीटर माझ्याकडेही आहे, पण लोक मीटरसाठी येत नाहीत. हा कान गेला तर दुकानात उरतं काय? तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास.

हेलिकॉप्टरचा नाद त्यातूनच लागला. बॅटरीवर उडणारं, हातातल्या रिमोटवर चालणारं छोटं यंत्र. त्याच्या पोटात स्पीड कंट्रोलर नावाची काडेपेटीएवढी डबी असते. भार वाढला की ती मोटारीला जास्त करंट देते, कमी झाला की हात आखडता घेते, म्हणजे पात्यांचा वेग राखला जातो. हे तिनं किती तडफेनं करायचं तो आकडा आपण भरायचा, त्याला गेन म्हणतात. कमी भरला तर वेग पडतो, जास्त भरला तर डबी घायकुतीला येते आणि वेग सारखा वरखाली नाचतो. वेग, करंट, व्होल्टेज या सगळ्याची नोंद तीच डबी ठेवते. उडवून झालं की केबल लावून बायको ती लॅपटॉपवर काढते. ती पंचायत समितीत नोकरीला आहे, दिवसभर संगणकाशीच गाठ, त्यामुळे हे खातं तिचं.

गावाबाहेरच्या माळावर आमचा हा उद्योग चालायचा. शेजारच्या तुरीचा मालक पहिल्या दिवशी बांधावर येऊन उभा राहिला होता.

"फवारणीचं हाय का? किती लिटर बसतंय?"

"एक थेंब न्हाई," मी म्हणालो.

"मग कावून उडवता?"

बायको लॅपटॉपमागे तोंड लपवून हसत राहिली. मी रागानं रिमोट उचलला.

तर आवाज बसत होता. मी आधी गेन वाढवला. पुढच्या फेरीत शेपटी थरथरायला लागली आणि लॅपटॉपवरची सरळ रेघ करवतीच्या दात्यांसारखी झाली. मला बरं वाटलं. "बघ, वेग नाचतोय."

"हे तुमी केलेलं हाय," ती म्हणाली. "काल नव्हतं."

मी गेन खाली आणला. नवी बॅटरी घातली. मोटारीवरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, बदललं, मोटार खोलून पुसली, तारांचे सोल्डरचे डाग पुन्हा मारले. उजवीकडे गेलं की आवाज बसायचा तो बसायचाच, आणि रेघ सरळ ती सरळ. मग माझं बोट टॉवरकडे गेलं. त्याच्या लहरींनी रिमोटचा सिग्नल बिघडत असणार, आणि नोंद ठेवणाऱ्या डबीलाही त्यांचीच बाधा होत असणार, असा सिद्धांत मी दुकानात येईल त्याला ऐकवू लागलो.

"समजा, रेघच खरी असली तर?" एकदा बायकोनं विचारलं.

मी तिच्यावर असा काही उखडलो की तिनं लॅपटॉप मिटला आणि गाडीवर जाऊन बसली. इतकी वर्षं मोटारी ऐकतोय, मला कुणी शिकवायचं? घरीही त्या दिवसांत शांतताच होती. आई माझ्याशी बोलेनाशी झाली होती. जेवायला माझ्या उजव्या हाताला बसायची, भाकरी वाढायची आणि गप्प. काहीतरी मनाला लागलं असेल, निवळेल, असं म्हणून मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष त्या डबीत होतं.

शेवटी बायकोनंच तोड काढली. "टॉवरचा दोष असंल तर माळाच्या पलीकडून उडवू. तितून तोंड केलं की टॉवर डाव्या हाताला येतो. मग आवाज डावीकडं बसंल." मी लगेच तयार झालो. मला जिंकायचं होतं.

पलीकडून उडवलं. हेलिकॉप्टर डावीकडे, थेट टॉवरच्या दिशेनं नेलं आणि कान टवकारले. आवाज खणखणीत. एकही फेरी चुकली नाही. मग उजवीकडे वळवलं. तिकडे ना टॉवर होता, ना तूर, नुसत्या बाभळी. आणि आवाज बसला.

कसंबसं खाली उतरवलं. पाती थांबली तरी मी रिमोट धरून तसाच उभा. मागे बायको लॅपटॉप उघडत असेल, केबल काढत असेल, असं मी समजत होतो. एवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती, हात माझ्या कानाशी होता आणि बोटांत गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. ती तो हलवत होती.

मला हलणाऱ्या किल्ल्या दिसत होत्या. आवाज नव्हता.

मी मान वळवली. डाव्या कानाला किल्ल्या ऐकू आल्या, अगदी स्वच्छ. पुन्हा सरळ बघितलं, गेल्या. मी हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. बायको किल्ल्या हलवत राहिली. माझ्याच डोक्याची एक बाजू बंद पडली होती आणि मला, आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला, त्याचा पत्ता नव्हता.

बीडच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी तो वाचला. दोन रेघा होत्या. डावी सरळ गेली होती. उजवी सुरुवातीलाच खचली होती आणि पुढे खालीच गेली होती. इतके दिवस मी जी पडलेली रेघ लॅपटॉपवर शोधत होतो, ती इथे होती.

"नस कमजोर झालीय," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू गेलं की कळत नाही, दुसरा कान सांभाळून घेतो. परत येईल असं मी म्हणणार नाही. मशीन बसवू, गेन किती ठेवायचा ते तपासून ठरवू."

गेन हा शब्द ऐकून बायकोनं माझ्याकडे पाहिलं. हसावं की रडावं ते तिलाही कळलं नसावं.

दुकानात गेलो आणि आणखी एक धक्का बसला. मोटार चालू करून नेहमीसारखा बसलो, तर डावा गाल मोटारीकडे वळलेला. कधीपासून असा बसत होतो? दुकान वाचलं होतं ते या वळलेल्या मानेमुळे. जीव थोडा भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम आईच्या दुसऱ्या बाजूला बसलो. ती चमकली.

"आई, तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

"मी बोलत न्हाई?" तिनं भाकरी ताटात ठेवली. "धर्मापुरीला माज्या बहिणीकडं एकदा नेऊन आण मनून रोज इचारायचे. तू खाली मान घालून जेवायचास. मनलं, ह्याला न्यायचं न्हाई. मग सोडलं इचारायचं."

"आता जाऊ. उद्याच जाऊ."

"आता कुटं? तिनं घर इकलं. लेकाकडं गेली पुण्याला, कायमची."

मी उठलो, पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. उजवा कान गेलाय, मला ऐकूच येत नव्हतं, हे बघ, ही रेघ बघ. माझा आवाज चढला होता.

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही.

"कागदाचं काय सांगतोस," ती म्हणाली. "मी रोज तुज्या शेजारी बसत होते."