सांडूभाऊंचं लाल कुलूप

शेवटच्या घटका मोजणाऱ्या आईकडे निघालेल्या माणसाला मी अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं होतं.

तो माणूस काल गेला.

सांडूभाऊ. हसनाबादचे. आमच्या साइटवरचे टेक्निशियन.

कालपासून कंपनीच्या जुन्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज येतायत. "आई सीरियस असताना कुलूप काढायला परत आलेले सांडूभाऊ! शिस्त त्यांच्याकडून शिकावी."

ही गोष्ट ग्रुपला माझ्याकडूनच कळली. दर ट्रेनिंगला मी ती सांगायचे.

अर्धीच सांगायचे. उरलेली आज लिहिते.

आमची कंपनी मल्टिनॅशनल. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर बनवायचे आणि सबस्टेशन उभं करून द्यायचं. वाटूरजवळच्या साइटवर मी सेफ्टी इनचार्ज होते. कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही दोन मुली होतो, साइटवर मी एकटीच बाई. कडक राहिल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हे पहिल्याच नोकरीत कळलं होतं.

कंपनीचा एक नियम होता. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं. कुलपावर त्याचं नाव आणि फोटो. किल्ली एकच, त्याच्याच खिशात. काम संपलं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक जरी कुलूप राहिलं तरी वीज सोडायची नाही.

या नियमाने माणसं जिवंत घरी जातात. मी आजही त्याच्या बाजूने आहे.

कुलपावर फोटो चिकटवला तेव्हा सांडूभाऊ म्हणाले, "मॅडम, आधारकार्डावर मी चोर दिसतो. हितं बिलकुल साहेब दिसून राह्यलो. बायकोला दाखवायला घरी नेऊ का?"

सगळे हसले. मी म्हणाले, "लावा आणि कामाला लागा."

ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा, म्हणजे त्यात पहिल्यांदा वीज सोडायचा दिवस होता. हेड ऑफिसचे मोठे साहेब आले होते. दुपारी हसनाबादहून सांडूभाऊंना फोन आला, आई अत्यवस्थ आहे. मी लगेच सोडलं. ते तसेच पळाले.

तासाभराने चेकिंग केलं. पाच कुलपं निघालेली. सहावं जागेवर. त्यावर हसणारा फोटो.

मी फोन लावला.

"सांडूभाऊ, किल्ली तुमच्याकडे आहे."

"अरे देवा. हाय मॅडम, खिशातच राह्यली. मी जालन्यात आलो, भोकरदनच्या गाडीत बसून राह्यलो. वाटूरकडं जानाऱ्या कुन्या डायवरपाशी देऊ का?"

"चालणार नाही. तुम्हालाच काढावं लागेल."

"मॅडम, माय लई सीरियस हाय."

"नियम आहे."



"बरं. येतो मंग."

ज्युनिअर इंजिनिअर शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "मॅडम, कटर आणू का?"

मी म्हणाले, "माझ्या साइटवर आजपर्यंत एकही कुलूप कापलेलं नाही."

दीड तासाने सांडूभाऊ आले. वाटेत मिळालेल्या जीपमधून. कुलूप काढलं, रजिस्टरमध्ये सही केली. "जाऊ का मॅडम?"

मी म्हणाले, "सहीखाली वेळ टाका."

त्यांनी वेळ टाकली.

मग ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला. त्याची घुमघुम सुरू झाली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. साहेब म्हणाले, "एक्सलंट साइट."

सांडूभाऊ तेव्हा पुन्हा जालन्याच्या वाटेवर होते. जालन्यापुढचं राजूर गाठेपर्यंत आई गेल्याचा फोन आला.

मी त्यांची रजा मंजूर केली आणि एक मेसेज पाठवला. घरी गेले नाही.

पुढे प्रत्येक ट्रेनिंगला त्यांचं उदाहरण द्यायचे. ते समोर बसलेले असायचे. मान खाली घालून. मला वाटायचं, संकोचतायत.

माझ्या निरोप समारंभाला ते चहाचा कप घेऊन बाजूला आले.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू. मायचे दिवस झाल्यावर मी ते नियमाचं पुस्तक वाचलं. पुढच्या पानावर लिव्हलंय, मानूस लांब आसंल तर कुलूप कापता येतं."

मी माझ्या हातातल्या चहाचा घोट घेतला.

"माय विचारत व्हती म्हने, सांडू निघाला का. भाऊ म्हन्ला, निघाला, जालन्यात आलाय. मंग ती वाट पाहून राह्यली."

मी कप रिकामा केला.

"भाऊ लई तापला व्हता. साइटवर यायला निघाल्ता. मी त्याला सांगितलं, मॅडमला ते पान माहीत नसंल. मुद्दाम कोन करतंय? बराबर ना मॅडम?"

आणि मी म्हणाले, "हो. माहीत नव्हतं तेव्हा."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मी तेच म्हन्लं," म्हणाले, आणि माझा रिकामा कप घेऊन गेले.

खरं असं आहे. ते पान मला पाठ होतं. माणूस सुखरूप लांब आहे याची फोनवर खात्री करायची, दोन अधिकाऱ्यांनी सह्या करायच्या, कुलूप कापायचं, हेड ऑफिसला लेखी कारण द्यायचं. खात्री फोनवर झालीच होती. कटर दहा पावलांवर होतं.

मला ते कारण लिहायचं नव्हतं. साहेब समोर असताना तर नाहीच.

नियमाने सांडूभाऊंना परत बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं.

ग्रुपवरच्यांना विनंती, ती गोष्ट यापुढे शिस्तीची म्हणून सांगू नका.

उद्या हसनाबादला जातेय. त्यांच्या भावाला हे तोंडाने सांगणार आहे. तो बोलेल ते उभं राहून ऐकून घेईन.

सांडूभाऊ, मला माहीत होतं.

हे तुम्हाला त्या चहाच्या वेळी सांगायला हवं होतं.

निघा आता. या वेळी कुणी परत बोलावणार नाही.