गोफणवाली आत्या

आमच्या आत्याला बसून खेळणं मान्यच नव्हतं. टीव्हीवरचा गेम खेळायचा तरी ती पदर कमरेला खोचून खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि मागं सोफ्यावर बसलेल्यांना पडदा दिसेनासा व्हायचा. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायची, "बसून शेंगा फोडत्यात. खेळतं माणूस उभ्यानं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कवठे येमाईत आमच्या शेजारीच राहायची. तरुणपणी ती लोकांच्या ज्वारीची राखण करायला मजुरीवर जायची. तिच्या गोफणीतून दगड सुटला की पाखरांचा थवा पार पुढच्या शिवारात जायचा, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात.

मी कंपनीत लागल्यावर हौसेनं टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यात दोन तऱ्हेचे कंट्रोलर होते. एक नेहमीचा, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी बटणं दाबायचा. दुसरा हातातल्या विजेरीसारखा लांबट. तो धरून हात फिरवला की पडद्यावरचा माणूसही तसाच हात फिरवायचा. मी बटणवाला. हातवारे करून खेळणं मला पोरखेळ वाटायचं. आत्याला मात्र बटणं कधी जमली नाहीत. गाडी वळवायची तर ती स्वतःच अख्खी वळायची आणि गाडी जायची सरळ भिंतीवर.

म्हणून एकदा तिच्या हातात तो लांबट कंट्रोलर दिला आणि चेंडू टाकून बाटल्या पाडायचा खेळ लावला. आत्यानं हात डोक्यावरून गरागरा फिरवला आणि गोफणीची दोरी सोडावी तसा ऐन वेळी कंट्रोलरच सोडून दिला. तो टीव्हीच्या वरून, खिडकीतून बाहेर जाऊन अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर ठणकन आपटला. आम्ही सगळे गार. आत्या शांतपणे म्हणाली, "टीव्हीला मारायचा असता, तर टीव्हीलाच लागला असता."

त्या कंट्रोलरला मनगटात अडकवायची एक दोरी येते. ती मी कशाला हवी म्हणून खोक्यातच ठेवली होती. आत्यानं ती शोधून काढली आणि मला दाखवली. "गोफणीची एक दोरी बोटात अडकवल्याली ऱ्हाती, बाबा. सगळंच सोडून दिलं तर दुसरा धोंडा कशानं मारशील?"

पुढं तळेगाव ढमढेऱ्याहून येताना माझी मोटरसायकल खडीवर घसरली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. कंपनीत माझं काम यंत्राचा डोक्यावरचा दांडा खाली ओढायचं. साहेबांनी सांगितलं, हात वर जायला लागला की या, पण जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. व्यायाम केला की कळ यायची, म्हणून मी तो टाळायचो आणि दिवसभर सोफ्यावर बटणं दाबत बसायचो. अंगठे शाबूत होते. त्या खेळाला खांदा लागतच नाही, हे माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं होतं.

आत्यानं काही दिवस हे पाहिलं. मग मला शिरूरला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून हात फिरवून दाखवला. "डाक्टर, ह्यो असा खेळला तर चालंल का?" डॉक्टर हसून म्हणाले, "चालेल मावशी, पण हळूहळू." त्या संध्याकाळी बटणांचा कंट्रोलर आत्याच्या पिठाच्या डब्यात गेला आणि ती दोरी माझ्या मनगटात आली.

रोज धारा काढून झाल्या की ती दारातूनच "जयभीम" करत यायची. खेळात दयामाया नव्हती. माझा चेंडू अर्ध्या वाटेत घरंगळला की म्हणायची, "ह्याला चिमणीबी भ्यायची न्हाई!" एकदा अशी कळ आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "आत्या, बास. गेली नोकरी तर गेली." ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या मनगटावरची दोरी नीट करत एवढंच म्हणाली, "चेंडू सोड. दोरी सोडू नगं."

एका सकाळी हात डोक्याच्या वर गेला. बाटल्या पडल्या की नाही, ते मी पाहिलं नाही. आत्यानंही नाही, ती माझ्या कोपराकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं पिठानं माखलेला कंट्रोलर आणून माझ्यापुढं ठेवला. "घे तुझ्या शेंगा. आता म्या येत न्हाई. उभं राहून गुडघं लई दुखत्यात." तिचे गुडघे दुखतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नोकरी राहिली. आज माझं घर उभं आहे ते तिच्यामुळे, आणि हे उपकार फिटायचे नाहीत हे मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. तिरडी उचलताना धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, उजव्या खांद्यावर नगं घेऊ, झेपायचं न्हाई." मी उजव्यावरच घेतली. वाटेत रिवाजाप्रमाणे माणसं खांदा बदलायला पुढं येत राहिली. ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत मी कुणाला बदलू दिला नाही.