न घेतलेला मागचा स्पीकर

या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. कुणाला आंब्याखाली बाई दिसते, कुणाची बाईक बरोबर स्मशानापाशीच बंद पडते — प्लग साफ करायचा आळस, दुसरं काय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी. फिजिक्स, तेही घरात अभ्यासाला टेबल नसताना. तळोज्याला कारखान्यांच्या ज्या पट्ट्यात बाबांनी कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून कान घालवले, त्याच पट्ट्यात मी आज क्वालिटीला ऑफिसर आहे. दिवसभर रीडिंग घेतो, दुसऱ्यांनी घेतलेली तपासतो. तेव्हा खालचं सगळं रीडिंग म्हणून वाचा. उसासे टाकायचे असतील तर इतर लेख आहेतच.

तर — खारघरला आमचा टू बीएचके. मी, माझी बायको स्मिता आणि बाबा. आई दीड वर्षापूर्वी गेली. गेल्या दिवाळीत मी होम थिएटर घेतलं. पुढे तीन स्पीकर, बाजूला दोन, एक सबवूफर. राहिला होता तो रिअर सेंटर, म्हणजे सोफ्याच्या पाठीमागे, बरोबर मधोमध लावतात तो. आता इथे एक गंमत आहे. डोक्याच्या बरोबर मागून आलेला आवाज माणसाला कधी कधी समोरून आल्यासारखा वाटतो. म्हणून जाणकार म्हणतात, मागे एक लावू नका, थोड्या अंतरावर दोन लावा. वाशीच्या शोरूमवाल्यानेही दोनच गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

"का दोन?" मी विचारलं.

"सर, सगळे दोनच नेतात."

हे त्याचं टेक्निकल ज्ञान. टाय मात्र घातला होता.

आमच्याकडे दोन बसत नव्हते. सोफ्यामागे जेवणाचं टेबल, त्यामागे किचन. किचनला दार नाही, नुसती लाकडी चौकट. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला बेसिन. म्हणजे लावला तर एकच, चौकटीच्या डोक्यावर. पण कुठला घ्यायचा ते ठरेना. माझा मेहुणा, ज्याला जमिनीच्या पैशातून सगळंच कळायला लागलंय, म्हणाला, "सगळ्यात मोठा घे." असल्या लोकांशी मी वाद घालत नाही. मी वाचत होतो, तुलना करत होतो. चौकटीपर्यंत वायरीसाठी प्लास्टिकची पट्टी मारून ठेवली होती, आत वायर नव्हती. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्याच्या, मागे त्या स्पीकरची भोकं रिकामी. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर मला शहाणपण शिकवायला येणारे सगळे इथेच घसरतात.

आता बाबा. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. मशीन लावत नाहीत, ड्रॉवरमध्ये पडून आहे. आई गेल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं. ताट समोर ठेवलं तरी बसून राहायचे. स्मिता ओरडून ओरडून दमायची. सदरा अंगावर नुसता लटकायला लागला होता. डॉक्टर, टॉनिक, सगळं झालं होतं.

सिस्टिम बसल्यावर बाबा सोफ्यावर मधोमध बसायला लागले. ऐकू काय येणार, पण सबवूफरचे हादरे त्यांना आवडत असावेत. एका संध्याकाळी सिनेमा चालू होता. बाबांनी मान वळवली, पाठीमागे किचनकडे बघितलं आणि म्हणाले,

"हां गो, आलो."

उठले, टेबलावर जाऊन बसले. स्मिता तेव्हा बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. ती धावत आली.

"बाबा, काय हवंय?"

"वाढलंय ना?"

वाढलं नव्हतं. तिने पटकन वाढलं. बाबा दोन भाकऱ्या जेवले.

मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दरवेळी मान वळायची ती थेट चौकटीकडे. मला हे जास्त खटकलं. एका कानाच्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही, त्याला दोन कान लागतात, हे साधं फिजिक्स आहे. मी बाबांच्या मागे उभं राहून जोरात टाळ्या वाजवल्या. एकदा हलले नाहीत, एकदा खिडकीकडे बघितलं. आणि तिकडे किचनमधून 'आवाज' आला की मान अचूक.

"कोण बोलवतं तुम्हाला?" मी त्यांच्या उजव्या कानात ओरडलो.

"कोन बोलवनार? तुझी आय."

झालं. घरात दोन पक्ष पडले. स्मिता म्हणाली, "अहो, हे वयाचं आहे. भास होतात. डॉक्टरला दाखवू, गोळी देतील, थांबेल." माझी ताई कामोठ्याला दिलेली आहे, ती रविवारी सकाळीच येऊन बसली. तिच्याकडे भूतबाधा उतरवणारा एक भगत तयार होता.

"आयचा जीव आडकलाय रे बाला. बांधून घ्यायला पायजे. तो एका बैठकीत बंद करतो."

"तो आधी स्वतःची दारू बंद करू दे."

"तू शिकलास म्हनून आमी काय येडे नाय."

"येडी नाहीस. फुकट बसलेल्या माणसाला कोंबडं खायला घालतेस, एवढंच."

ती रुसली. पण मला एक दिसत होतं. गोळी म्हणा, भगत म्हणा, दोघांनाही ते थांबवायचंच होतं. आणि ते थांबलं तर बाबा जेवायला उठणार होते का, हे कुणी विचारत नव्हतं.

मी म्हटलं, भांडू नका, मोजू. रिसीव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. तो बसायच्या जागी ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरला आवाज पाठवतो, माईक ऐकतो, आणि टीव्हीवर दाखवतो की कुठला स्पीकर जोडलेला आहे, किती लांब आहे. स्पीकर नसेल तर 'नाही' येतं. "मागे काही नाही हे तुमच्यासमोर लिहून येईल," मी म्हटलं, "मग दोघींनी गप्प बसायचं."

अमावस्या वगैरे काही नव्हती. दुपारचे चार, कडक ऊन, खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती. बाबा जागेवरून उठेनात, म्हणून माईक त्यांच्या शेजारी ठेवला. पुढचे तीन — आहेत. बाजूचे दोन — आहेत. सबवूफर — आहे.

मागचा मधला — आहे.

मी रॅक ओढून मागे हात घातला. भोकं रिकामी. पुन्हा लावलं. आहे. अंतर दाखवत होतं, म्हणून टेप घेऊन आलो. माईकपासून सरळ मागे तेवढं अंतर मोजलं तर टेप किचनच्या चौकटीत थांबली. वर नाही, जिथे मी स्पीकर लावणार होतो तिथे. खाली, मध्ये, जिथे माणूस उभं राहतं तिथे.



"बाबांना खाली घेऊन जा," मी ताईला म्हटलं. ती घेऊन गेली. पुन्हा लावलं. मागचा मधला — नाही. बाबा परत आले, बसले. आहे. मग त्यांच्या जागी ताईला बसवलं. नाही. स्मिताला बसवलं. नाही.

शेवटी मी बसलो. सगळे टोन संपेपर्यंत हललो नाही. नाही.

ताई हळूच म्हणाली, "आठवतं का रे तुला? ओटीवर आजा, काका बसलेले असायचे, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. आय पुढे यायची नाय. चुलीकडच्या दारात उभी राहायची आन् तिथून बोलायची, ऐकलं का, वाढलंय. बाबांनी तिचा आवाज जलमभर पाठीमागूनच ऐकला."

हे खरं आहे. आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही.

आता तुमचे खुलासे येतील, म्हणून आधीच सांगतो. सॉफ्टवेअर? अपडेट केलं, तेच आलं. बाबांच्या अंगावरून आवाज परतला? मग माझ्या अंगावरून का परतला नाही, मी त्यांच्यापेक्षा रुंद आहे. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "सर, बंद करून चालू करा." मेहुणा म्हणाला, महागडा घेतला असतास तर असं झालं नसतं. सोसायटीतले एक प्रोफेसर म्हणाले, क्वांटम असेल. प्रोफेसर कॉमर्सचे आहेत.

बाबांना डॉक्टरकडे मात्र नेलं, कारण मी मूर्ख नाही. डॉक्टरांनी तपासलं. तारीख, वार, नातवंडांची नावं, सगळं बरोबर सांगितलं बाबांनी.

"त्रास होतोय का यांना?" डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"जेवतात?"

"आता जेवतात."

गोळी लिहून दिली, त्रास झाला तर म्हणून. स्ट्रिप फ्रिजवर आहे, न फोडलेली. भगत एकदा लिफ्टपर्यंत आला होता. त्याला मी लिफ्टनेच खाली पाठवला, आणि या वेळी बटण ताईने दाबलं.

मागचा स्पीकर मी घेतला नाही. शोरूमवाला अजून मेसेज टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन 'नाही' करून टाकणं एका बटणाचं काम आहे, आणि तसं केल्याशिवाय आवाज नीट बसत नाही. रिसीव्हरला वाटतं मागे स्पीकर आहे, म्हणून मागचा आवाज तो त्या रिकाम्या भोकांकडे पाठवतो आणि आम्हाला तो ऐकूच येत नाही. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं आणि मागे जाऊन गायब होतं. मित्र म्हणतात, एवढा खर्च करून हे काय. मला ते भोक त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येतं. पण कामावर मी ज्युनियर लोकांना एकच गोष्ट शिकवतो, की रीडिंग पटलं नाही म्हणून खोडायचं नाही. खुलासा सापडेपर्यंत ते तसंच ठेवायचं. माझ्याकडे अजून खुलासा नाही. तुमच्याकडे असला तर टेप घेऊन घरी या, नुसत्या कमेंट नकोत.

काल संध्याकाळी सिनेमाचा क्लायमॅक्स चालू होता, व्हिलन पडायच्या बेतात. बाबांनी मान वळवली नाही, नुसता हात वर केला, पाठीमागच्या माणसाला थांबवतात तसा.

"जरा थांब गो," ते म्हणाले. "एवढं मरू दे त्याला. मंग येतो."

स्मिता माझ्या शेजारीच बसली होती. ती उठून ताट वाढायला गेली, आणि चौकटीतून आत जाताना किंचित अंग चोरून गेली.