खाडीची राणी

नातीच्या नव्या कादंबरीतली मुलगी आपली जादूची ओळख जगापासून लपवते. वाचताना मला पेणच्या शाळेतली मंदा आठवली. नववीत ती माझ्या शेजारी बसायची. तिनं वहीत तशीच गोष्ट लिहिली होती: मिठागरात राबणारी पोर खरी खाडीची राणी असते. "कुनाला सांगू नको गो," म्हणत तिनं वही फक्त मला दिली.

मधल्या सुट्टीत मी बाकावर उभी राहून ती मोठ्यानं वाचली. "राणीसाहेब, मीठ द्या!" मंदाच्या मिठानं चिरलेल्या पायांकडे बघत पोरी खिदळल्या.

ती एवढंच म्हणाली, "शेवटचं पान नको वाचू. त्यात तू हायस."

त्यात राणीची एकुलती मैत्रीण होती, गुपित जिवापाड जपणारी. मी तेही वाचून दाखवलं. माझा आवाज जराही कापला नाही.