दुर्बीण उलटी करून दाखवा

ज्या माणसानं मला दुर्बीण विकली नाही, त्याचं वाईट व्हावं असं मला वाटतं. मन मोठं कर, सोडून दे, असं दोघातिघांनी सुचवून पाहिलं. पण मी मन मोठं करत बसेन तेवढ्या वेळात तो आणखी कुणाला तरी 'जय हिंद' म्हणून फोन लावेल. म्हणून सोडत नाही.

वर्ध्याहून एसटीनं पाऊण तास लागेल असं आमचं गाव. आमचा भाजीचा मळा आहे, आणि घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, वर्ध्यातच एका कार्यालयात नोकरीला लागले. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. संध्याकाळी घरी आले की गल्लीतल्या बाया आपापले मोबाइल घेऊन ओट्यावर यायच्या. "पाय वं, हा मेसेज खरा हाय का खोटा?" मी बघायची आणि सांगायची. लॉटरी खोटी, वीज कापायची धमकी खोटी, अनुदानाचा मेसेज खरा. वर दोन शब्द सुनावायची, की अशा गोष्टींना बळी पडतात ते लोक वाचतच नाहीत नीट.

पाखरं बघायचा नाद मला कॉलेजात लागला. वर्ध्यात पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्ही एखाद्या तलावावर जातो. गटात वीसेक माणसं आणि दुर्बिणी पाच-सहा. ज्याची दुर्बीण तो आधी बघणार, मग फिरवणार. माझ्या हातात येईपर्यंत पक्षी उडालेला असायचा. एकदा काठावरच्या चिखलात बसलेलं पाखरू तुतारी की टिलवा, यावर वाद झाला. मी टिलवा म्हणत होते. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, दुर्बिणीतून पाहिलेल्या माणसाला बोलू द्या." त्यांच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती, म्हणून जास्त लागलं. घरी येऊन मी जुन्या वस्तूंच्या ॲपवर दुर्बिणी शोधायला लागले. नवी परवडणारी नव्हती.

आईनं विचारलं, "पाखरं पाहाले दुर्बीण कायले लागते? मळ्यात तं एवढाले येते, हाकलू हाकलू जीव जाते."

तिसऱ्या दिवशी ती जाहिरात दिसली. हिरवट रंगाची चांगली दुर्बीण, काळ्या पट्ट्याला लाल दोऱ्याची शिवण. विकणारा फौजी, ठिकाण पुलगाव, कारण बदली.

इथं बाहेरच्या वाचकाला वाटेल की हा सापळा तर कुणालाही कळेल. फौजीचं नाव सांगून फसवतात, हे मीही वाचलं होतं. पण आमच्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा डेपो आहे, तिथं खरोखरच फौजी राहतात, त्यांच्या खरोखरच बदल्या होतात, आणि जाताना ते खरोखरच सामान विकून जातात. माझ्या मावशीकडचा कूलर फौजीकडून घेतलेला. तिच्या जावेची लोखंडी कपाटं, शेजाऱ्यांची सायकल, सगळं बदलीचं सामान. आमच्याकडे 'फौजीचं हाय' म्हटलं की घासाघीस कमी होते. बाकी देशाला ज्या शब्दानं संशय यावा, त्याच शब्दानं माझा विश्वास बसला.

फोनवर तो फार अदबीनं बोलला. "मैडम, जय हिंद. मैडम, आप बर्ड वॉचर हैं? बहुत अच्छा शौक है." ओळखपत्राचा फोटो मी मागायच्या आधीच आला. मागायच्या आधी ओळखपत्र देणारा माणूस, हे तेव्हा मला सभ्यतेचं लक्षण वाटलं. मी येऊन वस्तू बघते म्हटलं, तर म्हणाला बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, फौजीच्या गाडीनं पार्सल घरपोच येईल, फक्त गेटपासचे पैसे आधी भरा, ते परत मिळतात. मी भरले. मग पार्सलच्या विम्याचे. तेही भरले. मग मेसेज आला की आधीचे पैसे परत करायचे तर तेवढीच रक्कम पुन्हा एकदा टाकावी लागते, मगच सिस्टीम सगळं एकदम उलट पाठवते.

हे मी मळ्यात बसून वाचत होते. वडील टोमॅटोची कॅरेट भरत होते आणि मी हाताखाली होते. लहानपणापासून वरचा थर माझ्याकडेच. मोठे, लाल, एकसारखे टोमॅटो निवडून देठ खाली करून लावायचे. खालचा माल कसा का असेना.

वडिलांनी विचारलं, "काय पाहून राह्यली एवढं?"

मी फोटो दाखवला. त्यांनी ओल्या हातानं मोबाइल धरला, लांब केला, जवळ केला.

"ह्या सगळ्या फोटोत वरूनच दिसते हे. खालून कशी हाय? उलटी करून दाखवली का त्यानं?"

"बाबा, दुर्बीण आहे ती. भाजी नाई."

"मंग काय झालं? अडत्या कॅरेट उलटं केल्याशिवाय माल घेते का आपला? त्याले म्हणजो, उलटी करून दाखव."

"तुम्हाला यातलं काई समजत नाई," मी म्हटलं, आणि त्यांच्या समोरच तिसऱ्यांदा पैसे पाठवले. त्यांना दाखवायला म्हणूनच पाठवले असतील. आकडा लिहीत नाही. माझा किती महिन्यांचा एसटीचा पास त्यात निघाला असता, ते मला माहीत आहे.

चौथी मागणी आली तेव्हा कळलं. मी त्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दांडी मारून मी पुलगावला गेले. कशाला गेले, सांगता येत नाही. डेपोच्या फाटकापर्यंतही पोचले नाही. अलीकडे चहाची टपरी होती, तिथं मी ओळखपत्राचा फोटो दाखवून नाव विचारलं. टपरीवाल्या काकांनी फोटो पाहिलाच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कूलर होता का गाडी?"

"दुर्बीण," मी म्हटलं.

"दुर्बीण!" ते गिऱ्हाइकांकडे वळले. "आता दुर्बिणीवर आले हे लोक. बसा ताई. मांगच्या महिन्यात एक जोडपं आलतं, सोफा न्याले. टेम्पो घेऊन आलते बिचारे."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि ते मला सगळ्यांत जास्त झोंबलं.

घरी मी सांगितलं की सौदा रद्द झाला, पैसे परत आले. वडील 'बरं' म्हणाले. सायबर पोलिसांकडे तक्रार केली ती आठ दिवसांनी, तीही लपूनछपून. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही त्याच दिवशी आला असता तर पैसे वाटेत अडवायची काही तरी आशा होती. ते आठ दिवस मी लाजेत घालवले होते. त्या आठ दिवसांचा राग मी त्याच्यावरच काढायचं ठरवलं.

महिन्याभरानं तीच दुर्बीण पुन्हा दिसली. लाल शिवणीचा तोच पट्टा, खालची चादरही तीच. नाव दुसरं, बदली तीच. मी आईच्या नंबरवरून बोलायला लागले, गावातली शेतकरीण म्हणून. आता मला काय विचारायचं ते माहीत होतं. म्हटलं, साहेब, उलटी करून दाखवा. मोठ्या काचेतून टॉर्च मारा, आत बुरशी आहे का ते बघायचं आहे. बाजूला कागदावर आजचा वार लिहून ठेवा, मग फोटो काढा. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. त्याच्याकडे वस्तूच नव्हती, दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीतून उचललेले चार फोटो होते. तो म्हणाला ड्युटीवर आहे. मग म्हणाला कॅमेरा खराब आहे. मग ज्या फोनवरून बोलत होता तो फोनच खराब आहे म्हणाला.

मी त्याला तीन आठवडे खेळवलं. आज बँकेचं नेट बंद आहे. आज म्हैस व्यायली. आज पैसे पाठवले, साहेब, पोचले नाहीत का? चुकून भलत्याच नंबरवर गेले वाटतं, तुमचा नंबर पुन्हा एकेक आकडा सांगा. त्यानं सांगितला. मी म्हटलं, हळू सांगा, मला आकडे येत नाहीत. त्यानं चार वेळा सांगितला. शेवटी ओरडला, "अनपढ़ लोगों से बात करना ही गुनाह है!" त्या दिवशी मी जेवले नीट.

पण त्यानं माझ्यात घालवलेला वेळ म्हणजे काय, दिवसाची पंधरा मिनिटं. बाकीचा दिवस त्याला मोकळाच होता. हे मला कळलं ते पक्ष्यांच्या गटातल्या एका मेसेजवरून. आर्वीचे एक निवृत्त गुरुजी आहेत आमच्यात, वय सत्तरच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी लिहिलं होतं, नवी नजर आली, आता दुर्बीणही येते आहे, एका जवानाकडून घेतो आहे. खाली फोटो. लाल शिवण.

मी त्यांना वेगळा मेसेज केला, घेऊ नका, फसवणूक आहे. त्यांनी उलट लिहिलं: "मॅडम, ओळखपत्र पाहिलं आहे. देशासाठी उभ्या असलेल्या माणसावर असा संशय बरा नव्हे." फोन केला तर म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "वाचलं आहे असं."

"वाचलेलं सगळंच खरं नसतं," गुरुजी म्हणाले. "गेटपासचे आज दुपारी भरतो आहे."

कार्यालयाच्या जिन्यात मी उभी होते. खरं सांगितलं की संपलं, हे मला दिसत होतं. ह्याच गटात मी स्वतः फसायच्या थोडंच आधी ऑनलाइन फसवणुकीवर लांबलचक उपदेश टाकला होता, आणि त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले होते. गटातल्या एक बाई आमच्याच गावच्या सून, म्हणजे संध्याकाळपर्यंत ओट्यावर कळणार. वडिलांना कळणार. आणि नाही सांगितलं तर दुपारी गुरुजी भरणार आणि तो तिकडं हसणार. त्याचं ते हसणं मला ऐकू येत होतं. गुरुजींच्या दयेपोटी लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्या माणसाला आमच्यातला आणखी एक मिळू द्यायचा नव्हता, म्हणून लिहिलं.

सगळं टाकलं गटावर. मी एकदा नाही, तीनदा पैसे पाठवले. पाठवल्याच्या पावत्या, तेच ओळखपत्र दोन वेगवेगळ्या नावांनी, त्याचे आवाजी मेसेज. खाली लिहिलं, गुरुजी, त्याला म्हणा दुर्बीण उलटी करून दाखवा.

दहा मिनिटांनी गुरुजींचं आलं: "म्हटलं. शिव्या दिल्या त्यानं. मास्तर म्हणून चाळीस वर्षं काढली, एवढ्या अशुद्ध शिव्या ऐकल्या नव्हत्या."

त्यानंतर गट सुटलाच. एकेकानं आपापल्या नंबरवरून त्याला लिहिलं, दुर्बीण उलटी करून दाखवा. टिलव्याच्या वादातले ते गृहस्थ सगळ्यांत पुढे. ॲपवर सगळ्यांनी मिळून तक्रारी केल्या, संध्याकाळी जाहिरात गेली.

त्या संध्याकाळी वडिलांना मी स्वतः सांगितलं, कळायच्या आधी. त्यांनी कॅरेटची दोरी आवळली.

"तिसऱ्यांदा माह्यासमोर पाठवले ना?"

"हो."

"मले दाखवाले?"

मी पुढचं रिकामं कॅरेट ओढलं.

"लय शिकली तू," ते म्हणाले. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत असं नाही, पण मळ्यात वरचा थर मला लावू दिला नाही.

ओट्यावरच्या बायांपैकी दोघी यायच्या बंद झाल्या. एक जण गल्लीत ऐकू जाईल असं म्हणाली, "तिचंच नेलं चोरानं, आपलं काय पाहीन ते!" बरोबर होतं तिचं. मी मान खाली घालून गेले नाही.

आठवड्यानं त्याचा फोन आला, माझ्या स्वतःच्या नंबरवर. गटातल्या कुणी तरी माझं नाव घेतलं असणार. अदब नव्हती. "तू ही है ना? मेरा धंधा ख़राब करती है? देख लूँगा तुझे, जानती नहीं मैं कौन हूँ."

"तेच तं विचारून राह्यली मी," मी म्हटलं. "सांग ना कोण हायस. नाव सांग, गाव सांग."

त्यानं पाच मिनिटं शिव्या दिल्या. मी मधून मधून 'जोरात बोला, ऐकू येत नाही' म्हणत राहिले, आणि तो जोरात बोलला. सगळं रेकॉर्ड केलं. एक प्रत पोलिसांना दिली. शिव्या कापून बाकीचं, त्याचे अदबीचे मेसेज पुढं जोडून, मी मिळेल त्याला पाठवायला लागले. बचत गटांना, नातेवाइकांना, एसटीत शेजारी बसणाऱ्या बायांना. आधी गोड आवाज, मग खरा.

मागच्या सोमवारी वर्ध्याच्या भाजीबाजारात वडिलांच्या मालापाशी उभी असताना ते मी शेजारच्या बाईंना ऐकवत होते. समुद्रपूरकडच्या होत्या, वांगी घेऊन आलेल्या. 'मैडम, जय हिंद' झालं आणि त्यांनी माझा हात धरला.

"थांब वं बाई. हा तं माह्या जावयाशी बोलून राह्यला. काल. स्पीकरवर ऐकला मी. शिलाई मशीन देतो म्हणते."

"पैसे पाठवले?"

"आज पाठवनार होता."

मी म्हटलं, "जावयाले लावा फोन. आत्ता. अन् त्या माणसाचा नंबर घ्या."