काकूंची डबी

शर्टांच्या कारखान्यात काकू काजाच्या मशीनवर बसत, पण बायकांमध्ये नाव होतं ते त्यांच्या डबीचं. पावडरची रिकामी डबी, जेवणाच्या पिशवीत कायम आणि आत नाना रंगांच्या गोळ्या.

त्याचं असं, की तिथल्या बायका दिवसभर पाणीच पीत नसत. प्यायलं की उठावं लागणार, उठलं की मशीनपुढे ढीग साचणार आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारणार, "पुन्हा?" मेल्याची जीभ झडत कशी नाही! मग कुणाला ना कुणाला उन्हाळी लागलेलीच. डॉक्टरकडून गोळ्या आणायच्या, लघवीची जळजळ थांबली की बंद करायच्या आणि उरलेल्या पाकिटातून कापून काकूंच्या डबीत टाकायच्या. दुसरीला लागली की तिला त्यातल्याच. औषध वाया घालवायचं का, असं काकू म्हणत, आणि सगळ्यांना ते पटे.

त्यांची धाकटी जाऊ पलीकडच्या रांगेत कॉलर शिवायची. लग्नानंतर कित्येक वर्षांनी तिला दिवस गेले होते. काकू तिला फुलासारखं जपत. एका दुपारी ती कानाशी येऊन कुजबुजली, "ताई, फार आग होतेय हो."

"अगं, एवढंच ना! तोंड काय पाडतेस?" म्हणत काकूंनी डबी उघडली.

दोन दिवसांत तिला बरं वाटलं. गोळ्या थांबल्या. आणि पुढच्या आठवड्यात भर कामात तिला अशी हुडहुडी भरली, की कॉलर हातात धरवेना. कमरेत कळा, अंगात ताप. काकूंनी मशीन तसंच चालू सोडलं आणि तिला दवाखान्यात नेलं. सुपरवायझर काय ओरडला ते त्यांनी ऐकलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके ठीक होते, पण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. "आधी काही गोळ्या घेतल्या होत्या?"

"नाही," जाऊ चटकन म्हणाली. काकूंकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

काकूंना कळलं. पोर आपली अब्रू राखतेय, आणि पोटात बाळ! "खोटं बोलतेय ती. मी दिल्या," म्हणत त्यांनी डबी टेबलावर उपडी केली.

पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. बाईंनी एकेक तुकडा उलटून पाहिला. नावं कापण्यात गेली होती.

"यातली कोणती?"

काकूंनी पांढरी उचलली, ठेवली, दुसरी पांढरी उचलली. "पांढरी होती एवढं आठवतंय."

बाई रागावल्या नाहीत, तेच काकूंना सोसवेना. "पोटुशीला यातल्या काही चालत नाहीत. आणि गोळ्या अर्धवट सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. कुठलं लागू पडेल ते लघवीच्या तपासणीत कळेल, दोन-तीन दिवसांनी. तोवर इंजेक्शन देतेय. अंदाजानं."

सलाईन लागलं. बाईंनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं होतं. काकूंनी पेला भरून जावेच्या ओठाला लावला. तिनं दोन घोट घेतले आणि सवयीनं पेला बाजूला सारला.

"पी गं," काकू रडत म्हणाल्या, "इथे कुणी विचारणार नाही. सगळं पी."