जेलरसाहेबांचं पुस्तक

शहरातल्या कापडाच्या मिल्स एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा स्नेहलतागंज मोहल्ल्यात माझं टायपिंगचं दुकान होतं. तिथे एक रिटायर जेलरसाहेब रोज सकाळी येऊन आपल्या नोकरीवरचं पुस्तक मला सांगून टाइप करून घेत. ते उभ्यानेच बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारत, "ठीक आहे ना, भिया?" भिया म्हणजे आमच्याकडे भाऊ. कैद्यांची नावं मात्र कुठेच येऊ देत नसत. "सजा भोगून झाली, आता बदनामी कशाला?" म्हणत.

पुस्तकातल्या एका प्रकरणात एक विणकर होता. मिल बंद झाल्यावर तिथलंच पितळ चोरून तो सहा महिने आत गेला होता. त्या प्रकरणाचे टाइप केलेले कागद घेऊन साहेब छत्रीबागेत त्याच्या घरी गेले आणि त्याला वाचून दाखवून आले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तो म्हणतो, साब, माझं नाव टाका. चोरीचं राहू द्या, पण बावीस वर्षं लूम चालवला तेही लिहा. दुसरं कोण लिहिणार?"

मी नवा कागद चढवला. साहेबांनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, मग मिलचं, मग त्याच्या खात्याचं. दुपारपर्यंत आम्ही चोरीवर आलोच नाही.